हाड मोडण्याआधी विचारायचे प्रश्न

आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, या आजाराविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे सांध्यांविषयी नसून हाडांविषयी आहेत, आणि त्यांतली बहुतेक हाड मोडल्यानंतर लिहिलेली आहेत. सांधे सुजतात, दुखतात, सकाळी तासतासभर आखडून राहतात, त्यामुळे त्यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. हाड मात्र विरळ होत असताना काहीच बोलत नाही. म्हणून यावेळी याच विषयावरची चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात इतर अनेकांच्या प्रश्नांची उत्तरे येतात.

‘माझ्या सासूबाई ५९ वर्षांच्या असून अकरा वर्षांपासून त्यांना आमवात आहे. गेल्या महिन्यात पाण्याने भरलेली कळशी उचलताना त्यांच्या पाठीत कट् असा आवाज झाला आणि त्या तिथेच खाली बसल्या. एक्स-रेमध्ये मणका दबल्याचे निघाले. त्या पडल्या नव्हत्या, कशावर आपटल्या नव्हत्या, मग हाड मोडलेच कसे? स्टिरॉइडमुळे हाडे ठिसूळ झाली असे समजल्यापासून त्यांनी ती गोळी बंद करण्याचा हट्ट धरला आहे. रोज पायाचे सूप आणि पांढरा रस्सा द्या, असे शेजारी सांगतात. आम्ही काय करावे?’ — एक सून, शिवाजी पेठ, कोल्हापूर

सर्वांत आधी तातडीचे सांगतो. सासूबाईंना ती गोळी आपल्या मनाने बंद करू देऊ नका. शरीराला बराच काळ बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे नैसर्गिक स्टिरॉइड, तयार करणे कमी करतात, आणि गोळी एकदम थांबली तर रक्तदाब उतरणे, उलट्या होणे, उठवणार नाही इतका थकवा येणे असे प्रकार होऊन प्रसंग जिवावरही बेतू शकतो. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरांनी ठरवलेल्या टप्प्यांनी, हळूहळूच कमी करावी लागते.

आता हाड मोडलेच कसे, या प्रश्नाकडे वळू. हाड हे एकदा घडवून ठेवलेल्या दगडी खांबासारखे नसते. त्यात जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी आणि नवा भाग भरणाऱ्या पेशी आयुष्यभर शेजारी शेजारी काम करत असतात, आणि काढणे व भरणे यांचा मेळ राहतो तोवर हाड मजबूत राहते. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, तिथे दाह होतो, आणि त्या दाहातून टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांसारखी जी रसायने तयार होतात ती पोखरणाऱ्या पेशींना चेतवतात आणि भरणाऱ्या पेशींचे काम मंदावतात. ही रसायने सांध्यापुरती थांबत नाहीत, रक्तातून सर्वत्र पोचतात. म्हणूनच या आजारात बोटांच्या सांध्यांजवळची हाडे एक्स-रेमध्ये लवकरच फिकट दिसू लागतात, आणि पुढे कण्याची व खुब्याची हाडेही विरळ होतात. स्टिरॉइडची एकही गोळी न घेतलेल्या रुग्णालासुद्धा हा धोका असतो, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे, कारण ‘सगळे त्या गोळीने केले’ हे वाक्य मी घराघरांतून ऐकतो आणि ते अर्धेच खरे आहे.

उरलेला अर्धा भाग गोळीचा आहे, आणि तोही लहान नाही. स्टिरॉइडमुळे हाड भरणाऱ्या पेशी कमी होतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, लघवीवाटे ते जास्त निघून जाते, आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होऊन पडण्याची शक्यता वाढते. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, म्हणजे रुग्णाला बरे वाटू लागलेले असते नेमक्या त्याच काळात. त्यावर सासूबाईंच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतरची झीज आणि दुखण्यामुळे कमी झालेली हालचाल यांची भर पडली असणार. आमवाताच्या रुग्णांत खुब्याचे हाड मोडण्याचा किंवा मणका दबण्याचा धोका त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट असतो. अशा मणक्याला मोडायला पडावे लागत नाही. वाकून उचललेली कळशी पुरते.

तेव्हा केवळ गोळी बंद केल्याने हाडे सुटणार नाहीत. दाह पुन्हा उसळला तर पोखरण्याचे काम आजार स्वतःच चालू ठेवील. खरा मार्ग असा की मेथोट्रेक्सेटसारख्या मूळ आजारावरच्या औषधांनी, आणि त्यांनी भागत नसेल तर दाहातले ठरावीक दुवेच रोखणाऱ्या जैविक औषधांनी, दाह इतका आटोक्यात आणायचा की स्टिरॉइडची गरजच कमी होत जाईल. अकरा वर्षांनंतरही रोज स्टिरॉइड लागत असेल तर मूळ उपचार पुरेसा आहे का, हा प्रश्न संधिवाततज्ज्ञांना अवश्य विचारा. तो विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

दबलेला एक मणका ही पुढच्या अस्थिभंगांची सूचना असते, आणि त्यातही पहिले वर्ष विशेष जोखमीचे असते. त्यामुळे पाठ दुखायची थांबली, पट्टा सुटला, म्हणजे काम झाले असे समजू नका. दबलेल्या मणक्यांपैकी बरेचसे तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मागे एक बाई तपासणीला आल्या होत्या. त्यांची पाठ दुखत नव्हती, बोटांच्या सुजेसाठीच त्या आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, की अलीकडे साडीच्या निऱ्या पायात येतात, म्हणून त्या चार बोटे वर खोचाव्या लागतात. जुन्या केसपेपरवरची उंची काढून पाहिली आणि त्यांना भिंतीला टेकून उभे केले, तर उंची पाच सेंटिमीटरने कमी भरली. एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले निघाले. तेव्हापासून मी प्रत्येक आमवाताच्या रुग्णाची उंची दर वर्षी मोजून लिहून ठेवतो. ही तपासणी घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण करूनही होते आणि तिला एक पैसाही लागत नाही.

सासूबाईंना आता हाडांसाठी स्वतंत्र औषध लागेल, आणि मणका मोडलेला असल्यामुळे ते घ्यावे की नाही यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. अॅलेन्ड्रोनेट ही आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅमची गोळी सर्वाधिक वापरली जाते, पण ती घेण्याची रीत पाळली नाही तर ती अन्ननलिकेला इजा करते किंवा अंगीच लागत नाही. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती गिळायची आणि त्यानंतर अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, आडवेही व्हायचे नाही. कॅल्शियमची गोळी त्या वेळी चालत नाही. ती जेवणाबरोबर घ्यावी. मेथोट्रेक्सेटही आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, म्हणून दोन्ही औषधांचे वार कॅलेंडरवर वेगळ्या रंगांनी लिहून ठेवा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेले तर ते विषासारखे ठरते, आणि अशी चूक झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

ज्यांना ही गोळी सोसत नाही त्यांना झोलेड्रोनिक अॅसिड वर्षातून एकदा शिरेतून देता येते. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर ते देता येत नाही. डेनोसुमॅब हे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी त्वचेखाली घेतात. त्याचा गुण चांगला येतो, मात्र ते मध्येच सोडून दिले तर थोपवलेली झीज एकदम उसळते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात, त्यामुळे ‘यावेळी जमले नाही, पुढच्या महिन्यात बघू’ असे या औषधाच्या बाबतीत करू नये. फार धोका असलेल्यांना टेरिपॅराटाइड हे नवे हाड घडवणारे रोजचे इंजेक्शन देतात. बोटे वाकलेली असतील तर ते टोचण्याची जबाबदारी घरातल्या कोणी तरी घ्यावी लागते. यांपैकी कोणतेही औषध सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या आणि काढायचा दात आधीच काढून घ्या, कारण झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅबसारखी औषधे चालू असताना क्वचित जबड्याचे हाड भरून न येण्याचा त्रास होतो.

पांढऱ्या रश्श्याविषयी आपल्या शहरात कोणाचे मन मोडणे कठीण आहे, तरी सांगणे भाग आहे. हाडे कितीही वेळ उकळली तरी त्यांतले कॅल्शियम पाण्यात फारच थोडे उतरते. वाटीभर रश्श्याने किंवा पायाच्या सुपाने पेलाभर दुधाचे काम होत नाही. जे थोडेफार मिळत असेल त्यात हाडांपेक्षा वाटून घातलेल्या तीळ-खसखशीचा वाटा मोठा असेल. आवड म्हणून जरूर द्यावा, औषध म्हणून नको. पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली सांगितले आहे. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. दोन वेळचे दूध, वाटीभर दही, एक नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी एवढ्याने बराचसा पल्ला गाठता येतो, आणि उरलेल्यासाठी गोळी असते. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. रंकाळा तलावावर संध्याकाळी फिरण्याने स्नायूंना व्यायाम होतो, मनही मोकळे होते, परंतु त्या वेळच्या उन्हातून ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. त्याला दुपारच्या आसपासचे ऊन थेट त्वचेवर यावे लागते, खिडकीच्या काचेतून आलेले चालत नाही.

राहिली घरातली व्यवस्था. कळशी, पिठाचा डबा, गॅसची टाकी यांना सासूबाईंनी आता हात लावू नये, आणि खालची वस्तू घेताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे. मोरीत हाताला धरायला दांडी बसवा, उंबरठ्याजवळचे सरकणारे पायपुसणे काढून टाका, रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर कातडी तळाची कोल्हापुरी चप्पल घसरते, आणि आमवाताने पायाची बोटे वाकलेली असतील तर ती पायात धरूनही राहत नाही. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल घ्यावी.

‘मी ४६ वर्षांचा पुरुष असून यंत्रमागावर काम करतो. तीन वर्षांपासून आमवात आहे. दुखणे वाढले की आठ-दहा दिवस प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी घेतो, मग सोडतो. आमच्याकडे झालेल्या शिबिरात टाच यंत्रात ठेवून हाडे तपासली आणि ठीक असल्याचे सांगितले. हाडे ठिसूळ होणे हा बायकांचा आजार ना?’ — एक वाचक, इचलकरंजी

नाही. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त आहे हे खरे, परंतु आमवाताचा दाह पुरुषाच्या हाडांनाही सोडत नाही, आणि खुब्याचे हाड मोडल्यानंतर पुरुषांत मृत्यूचे प्रमाण स्त्रियांपेक्षा अधिक आढळते. पुरुष तपासणीला उशिरा येतात, आणि त्यांना ती करायला कोणी सुचवतही नाही.

टाचेवर ध्वनिलहरींनी केलेली तपासणी ही केवळ चाळणी असते. हाडांच्या घनतेचे निदान कण्याच्या खालच्या भागाच्या आणि खुब्याच्या डेक्सा तपासणीवरून, म्हणजे घनता मोजणाऱ्या खास एक्स-रेवरून, करतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेली टी-स्कोअरची (तरुण, निरोगी हाडांशी केलेल्या तुलनेच्या आकड्याची) रेषा, म्हणजे उणे २.५ किंवा त्याहून कमी आला तर ऑस्टिओपोरोसिस, अर्थात हाडांचा ठिसूळपणा, ही टाचेच्या यंत्राला लागू होत नाही. आपले वय पन्नासच्या आत असल्याने आपल्या अहवालात झेड-स्कोअर, म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांशी केलेली तुलना, पाहायला हवा. यातली एक गोष्ट रुग्णांना सहसा सांगितली जात नाही, ती अशी की स्टिरॉइड घेणाऱ्यांची हाडे घनता बरी दिसत असतानाही मोडतात, कारण घनतेबरोबर हाडाची वीणही बिघडलेली असते. त्यामुळे केवळ आकड्यावर विसंबू नये. फ्रॅक्स नावाचे एक गणित आहे. वय, वजन, आधीचा अस्थिभंग, आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, मद्यपान, स्टिरॉइड आणि आमवात हे सगळे त्यात भरले की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता मिळते. त्यात आमवाताला स्वतंत्र रकाना आहे, यावरून त्याचे महत्त्व लक्षात यावे. वयोमानाने गुडघे झिजतात त्यालाही आपल्याकडे ‘संधिवात’च म्हणतात, त्या रुग्णांनी मात्र हा रकाना भरायचा नाही.

आपल्याला मला सगळ्यात आग्रहाने सांगायचे आहे ते ‘मग सोडतो’ याविषयी. आठ-दहा दिवसांची अशी आवर्तने वर्षभरात किती होतात ते मोजा. महिन्यातून एकदा होत असतील तर वर्षाचे ९६ ते १२० दिवस आपण स्टिरॉइडवर आहात, आणि मधल्या दिवसांत दाह मोकाट आहे. हाडांचे दोन्ही बाजूंनी नुकसान होत आहे. मूळ औषध नियमित चालू आहे का, हे पत्रात लिहिलेले नाही. नसेल तर ते सुरू करण्यासाठी या आठवड्यात रजा काढा. विडी ओढत असाल तर ती हाडांनाही घातक आहे आणि आमवातालाही.

‘आमच्या आईला सांधेदुखीसाठी एका ठिकाणाहून आणलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत गुण आला. आयुर्वेदिक आहेत, अपाय नाही, असे सांगितले होते. दीड वर्ष झाले. आता तिचा चेहरा गोल झाला आहे, साखर वाढली आहे आणि हातावर सहज काळेनिळे डाग पडतात. याचा हाडांवर परिणाम होईल का?’ — एक वाचक, गडहिंग्लज

आपण लिहिलेली लक्षणे वाचून त्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असावे, असा दाट संशय येतो. आमवातावर दोन दिवसांत असा गुण आणणारे औषध क्वचितच असते. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिले, तेव्हा ती काही दिवसांतच उठून चालू लागली होती. १९५० साली हेंच यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि त्या औषधाचे दुष्परिणाम लक्षात यायलाही फार काळ लागला नाही. पुडीतला चमत्कार तोच आहे. फरक इतकाच की डॉक्टर मात्रा लिहून देतात, ती मोजून कमी करतात, हाडांसाठी आधीच काळजी घेतात, आणि पुडीत मात्रा किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते. मी हे आयुर्वेदाविरुद्ध लिहीत नाही. जो वैद्य आपले औषध नावानिशी लिहून देतो त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नाव, घटक, मात्रा यांपैकी काहीही न छापलेल्या कागदाच्या पुडीविषयी.

परिणाम होईल का, असे आपण विचारता. दीड वर्षात तो झालेला असण्याचीच शक्यता अधिक आहे. तरीही पुडी आज रात्रीपासून बंद करू नका. कारण वर पहिल्या उत्तरात दिले आहे. उरलेल्या पुड्या घेऊन आईला फिजिशियनकडे किंवा संधिवाततज्ज्ञाकडे न्या आणि काहीही न लपवता सांगा. डॉक्टर रागावतील या भीतीने रुग्ण पुडीचे नाव काढत नाहीत, आणि मग शस्त्रक्रियेच्या किंवा जंतुसंसर्गाच्या वेळी अचानक रक्तदाब कोसळतो तेव्हा कारण कोणालाच कळत नाही. ते सकाळचे कॉर्टिसॉल तपासतील, ठरावीक मात्रेची गोळी देऊन ती हळूहळू उतरवतील, कण्याचा एक्स-रे आणि डेक्सा करून घेतील. पुडीविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, आणि ती आपण करावी; आपल्या आईसारख्या आणखी किती जणी त्या दारात उभ्या असतील याचा विचार करावा.

‘मला आमवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे. हाडांसाठी मी रोज पहाटे दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचे धारोष्ण दूध पितो. तापवल्याने कॅल्शियम नष्ट होते असे ऐकले आहे. बरोबर आहे का?’ — एक वाचक, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर

दूध पिणे बरोबर आहे, कच्चे पिणे बरोबर नाही. कॅल्शियम हे खनिज आहे. दूध उकळल्याने ते कमी होत नाही. मेथोट्रेक्सेट, स्टिरॉइड किंवा जैविक औषधे घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती दबलेली असते, आणि कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस यांचे जंतू येऊ शकतात. कट्ट्यावर जाण्याची आपली वर्षानुवर्षांची सवय आणि तिथल्या गप्पा सोडा असे मी म्हणत नाही. दूध किटलीत घेऊन घरी या आणि उकळून प्या.

ब्रुसेलोसिसमध्ये चढउतार करणारा ताप, घाम, सांधेदुखी आणि कंबरदुखी अशी लक्षणे असतात, आणि ते जंतू कण्यातही शिरतात. आमवाताच्या रुग्णाची कंबर दुखू लागली तर ती आजार उसळल्यामुळे, मणका दबल्यामुळे, की या जंतूंमुळे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. आपल्याला आतापर्यंत असा ताप आला असेल किंवा पुढे कधी आला, तर आपण कच्चे दूध पीत होता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, म्हणजे ती रक्ततपासणी वेळेवर होईल.